पिशवी बांधलेले पंच

आमच्या हायस्कुलात पाणी प्यायल्याशिवाय स्टाफरूममध्ये कुणाला पाऊल टाकता येत नसे. दाराशी पी.टी.चे सर तांब्या घेऊन उभे. मी नगरहून आलेला ड्रॉइंग मास्तर, अंगानं काडीपैलवान. मलाही ते अडवायचे. "चित्रकार, आदी पानी, मग सही." मी एकदा म्हटलं, सर, तहान नाही. तर म्हणाले, "तहान लागल्यावर प्यायला जनावरालाबी येतं." प्यालो मुकाट्यानं. हेडमास्तर प्यायचे, तिथं माझी काय कथा? ही सवय त्यांना कशानं लागली ते सांगणारच आहे, पण आधी माणूस सांगतो.

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे लोक होते, पैलवान आणि होणारे पैलवान. हेडमास्तरांना पैलवान, शिपायाला पैलवान, पोस्टमनला पैलवान. शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले तेव्हा "या पैलवान, बसा" म्हणत त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली, की साहेबांचा चष्मा हजेरीपत्रकावर येऊन पडला. मला तेवढं ते चित्रकार म्हणत. माझ्याकडं बघून पैलवान म्हणणं त्यांनाही जड जात असावं. खुर्चीवर बसून चहा त्यांना कधी जमलाच नाही. खाली मांडी घालून बसायचे आणि बशीतला चहा असा ओढायचे, की शेजारच्या वर्गातली पोरं हसायची. आवाज हळू करायची त्यांना सवयच नव्हती. कुणाच्या कानात काही सांगितलं, तरी ते मैदानावर ऐकू जायचं.

हे सगळं शाळेपुरतं. खरा माणूस दिसायचा तो चैत्रातल्या यात्रेत. यात्रेतल्या कुस्त्यांना आमच्याकडं हगामा म्हणतात. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यातलं, काष्टीपासून जवळ. पण हगाम्याला पार संगमनेरकडचे पैलवान यायचे. कुस्ती म्हटली की भांडण आलंच. पाठ टेकली, नाही टेकली, यावरून काठ्या निघायच्या. आमच्या हगाम्यात तसं होत नसे, कारण पंच आमचे सर. पांढरं धोतर, तांबडा फेटा, गळ्यात शिट्टी. एकदा त्यांनी स्वतःच्याच पठ्ठ्याला हरलेला ठरवलं. पठ्ठ्याचे चुलते जाब विचारायला घरी आले. सरांनी त्यांना चहा पाजला आणि त्यांच्यातल्याच एकाला अंगणात पालथा-उताणा करून पाठ कशी लागली ते दाखवलं. चुलते धूळ झटकत हसत गेले. सर मला म्हणायचे, "मास्तर तर काय कोनबी हुतंय. पंच हुयाला गावानं मानावं लागतं." त्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं, हे मी शपथेवर सांगेन.

मग ते पडले. काष्टीचा शनिवारचा बैलबाजार करून कडब्याच्या ट्रकवर बसून परत येत होते. वर, गंजीच्या टोकावर, मांडी घालून. खड्ड्यात ट्रकनं गचका दिला आणि हा एवढा थोरला गडी खाली दगडावर पाठीवर आपटला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कितीतरी महिने काढले. पाय गेले असं वाटलं होतं, ते हळूहळू आले. एक जरा ओढत चालायचा, पण आले. लघवीवरचा ताबा मात्र गेला तो गेलाच. आलेली कळायची नाही, करायला गेलं तर व्हायची नाही, आणि मनात नसताना आपोआप झिरपायची.

पहिल्यांदा शाळेत परत आले तेव्हा धोतराच्या आत फडक्यांच्या घड्या होत्या. कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीला चिकटून बसले. वास येत होता. आम्हाला येत होता आणि आम्हाला येतोय हे त्यांना कळत होतं. कुणाला पैलवान म्हणाले नाहीत. चहा घेतला नाही. तालमीकडं फिरकले नाहीत. तो माणूस गप्प बसलेला मला बघवत नव्हता. हगाम्याचं कुणी नाव काढलं की ते उठून बाहेर जायचे.

त्यात बहात्तरचा दुष्काळ. विहिरी कोरड्या, टँकर आला तर घागरभर पाणी. सरांनी आपल्या मनानं हिशेब केला, पाणीच कमी प्यायचं. दुष्काळातही भागेल आणि भिजणंही थांबेल. असला हिशेब आमच्याच गावात सुचावा. दिवसाला एक-दोन पेले पाण्यावर राहिले. लघवी तुंबली, नासली, आणि असा थंडीताप भरला की खाट हलायची. पुन्हा पुणं. तिथले डॉक्टर कडक होते, पण माणुसकीचे होते. त्यांनी सरांना झाप झाप झापलं. मग समोर बसवून सगळं समजावून दिलं, आणि तिथून आमचे जुने सर परत आले.

कसे आले बघा. स्टाफरूममध्ये शिरताच मला म्हणाले, "चित्रकार, तुझा बोर्ड काढ. मूत्राशय काढ त्याच्यावर." मी सफरचंद काढणारा, घड्याळ काढणारा माणूस. काढलं कसंबसं. त्यांनी खडू घेतला आणि तास सुरू केला. दोन शिक्षिका होत्या, त्या खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघायला लागल्या. सर म्हणाले, "ही टाकी. हा मेंदू. मधी तार. टाकी भरली की तार जाती, मेंदू म्हनतो जा बाबा. माझी तार कमरंत तुटली. टाकी भरली तरी सांगावा न्हाई, आन् दार उघडायचा हुकूमबी न्हाई. टाकीचा काय दोष? लोकं म्हनत्यात मास्तरला धीर धरवत न्हाई. धीराचा काय संबंध हाय ह्याच्यात, सांगा." त्या दिवसापासून वासाबद्दल आमच्यात कुजबुज झाली नाही, हे खरं. ते चित्र पुढं कितीतरी दिवस भिंतीवर होतं. शेजारी गांधीजी.

डॉक्टरांनी दोन गोष्टी लावून दिल्या होत्या. एक म्हणजे, सांगावा येत नाही तर घड्याळाचं ऐकायचं. वेळ झाली की आडोशाला जाऊन दोन्ही मुठींनी ओटीपोट दाबून टाकी रिकामी करायची. हल्ली तसं दाबू देत नाहीत म्हणे, वेगळे उपाय निघालेत. तेव्हा तेच होतं. सरांनी त्याला पोटदाब नाव देऊन कुस्तीच्या डावांत घालून टाकलं. शाळेत घड्याळाऐवजी घंटा होती. दोन तास संपले की शिपाई मुद्दाम त्यांच्याकडं बघून टोल द्यायचा. सर वर्गाला म्हणायचे, "पैलवान हो, बैठका चालू ठेवा, मी टाकी मोकळी करून आलो." पोरं पहिले आठ दिवस हसली, मग त्यांना त्यात हसण्यासारखं काही राहिलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मधल्या वेळात जे झिरपेल त्याची सोय. निरोध लावायचा, त्याच्या टोकाला रबरी नळी, आणि नळी मांडीला बांधलेल्या रबरी पिशवीत. वहिनींनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, पिशवीला खणाच्या तुकड्याची खोळ शिवली होती. नळी उकळायला वेगळं पातेलं ठेवलं होतं, त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि पाणी भरपूर प्यायचं, ही डॉक्टरांची ताकीद. दुष्काळात टँकरपाशी वहिनी जादा घागर मागायच्या तेव्हा बाया कुरकुरायच्या. वहिनी एवढंच म्हणाल्या, "त्येंचं औषध हाय त्ये." त्यानंतर बायाच त्यांची घागर पुढं सरकवायला लागल्या. तर तांब्या घेऊन दारात उभं राहणं ते हे असं सुरू झालं.

आता निरोधाचं. तो मिळायचा सरकारी आरोग्यकेंद्रात, कुटुंबनियोजनाच्या खिडकीवर. गावातले तरणे बाप्ये त्या खिडकीकडं बघायलाही लाजायचे. आणि आमचे सर, पन्नाशी गाठलेले, सहा मुलांचे बाप, खिडकीत मुंडकं घालून मैदानावरच्या आवाजात मागायचे, "पैलवान, महिन्याचं सामान काढा. पुरवून पुरवून देऊ नका, मला रोज लागतंय." खिडकीमागचा माणूस नवीन होता, नोकरीला लागून चार महिने झाले नव्हते. त्याला वरून तगादा, लोकांनी हे वापरलं पाहिजे, आणि वापरणारा सबंध गावात हा एकच. त्याला सरांमध्ये देव दिसला. त्यानं कौतुकानं सरांचं नाव वर कळवलं.

पुढं पंचायतीच्या पटांगणात कुटुंबनियोजनाची सभा झाली. तालुक्याहून साहेब आले होते. भाषण झालं आणि साहेबांनी जाहीर केलं, की या गावात एक आदर्श गृहस्थ आहेत, वयाचा विचार न करता नियमानं साधन वापरतात, आपण त्यांचा सत्कार करू. आणि सरांचं नाव घेतलं. पटांगणात अशी खसखस पिकली की विचारू नका. वहिनींनी पदर तोंडावर ओढला. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. दुसरा कुणी असता तर मागच्या मागं सटकला असता.

सर उठले. पाय ओढत वर गेले, नारळ घेतला, शाल घेतली, आणि माईक मागितला. "साहेब, नारळ देवाला वाढवीन. ही वस्तू मी वापरतो, लई इमानानं वापरतो, पन तुमी समजताय त्यापायी न्हाई." आणि सगळं सांगितलं. ट्रक, कंबर, तार, टाकी. धोतराचा सोगा जरासा वर घेऊन खोळीतली पिशवी दाखवली. "ही बघा. आता हसायचं ते एकदाच हसून घ्या. आन् तुमच्यात कुनाची तार तुटली आसंल, घरातल्या कुनाची तुटली आसंल, तर त्याला कोपऱ्यात कुजवू नका. माझ्याकडं या. मी दवाखाना दाखवतो." हसू कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. साहेबांनी आधी घाम पुसला आणि मग उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी त्या गावचाही नाही, पण माझी मान ताठ झाली होती.

आणि लोक आले की. आधी चोरून, मग उजळ माथ्यानं. काष्टीची एक माउली आली. तिचा तरणा मुलगा विहीर खोदताना दरडीखाली सापडला होता, तेव्हापासून खाटेवर ओल्यात पडलेला. सर त्याला स्वतः बैलगाडीत घालून स्टेशनावर नेऊन पुण्याला घेऊन गेले. तो पुढं काठी घेऊन हिंडायला लागला, किराणा दुकान टाकलं. सर त्याला पोटदाब शिकवताना ओरडायचे, "खालून वर न्हाई, वरून खाली. कुस्ती हाय का मालिश?"

पण उघड बोलण्याचा दुसरा परिणामही झाला. हगामा जवळ आला तशी तालमीच्या ओट्यावर बैठक बसली. दुष्काळानं हगामा बंद पडलेला, आता पाऊसपाणी झाल्यावर पहिल्यांदाच भरणार होता. सर पडल्यापासून हगाम्याकडं फिरकले नव्हते, आता पुन्हा पंच व्हायला निघाले होते. तालमीचे थोरले वस्ताद, सगळे त्यांना आण्णा म्हणत, देवमाणूस, पण जुन्या वळणाचे. ते म्हणाले, "मास्तर, तुमचा मान मोठा हाय. पन ती माती मारुतरायाची. मुताची पिशवी बांधून तिच्यात कसं उतरायचं? माती बाटंल."

मी तिथंच होतो, कारण हगाम्याचा माईक माझ्याकडं असायचा. सरांचा चेहरा मी पाहिला. रागावले नव्हते, घाबरले होते. मी त्यांना घाबरलेलं त्या एकाच वेळी पाहिलं.

"आण्णा," सर म्हणाले, "मातीत काय काय जातंय? ताक घालतो, तेल घालतो, लिंबं पिळतो. घाम तर रोजचा. परवा पोराचं नाक फुटलं, रगत सांडलं, तवा न्हाई बाटली."

"त्ये येगळं."

"बौद्धवाड्यातली पोरं मी मातीत घेतली, तवाबी तुमी माती बाटंल म्हनला हुता. आज त्यातला एकजन बाहीरगावी गावाचं नाव काढतोय, आन् त्याच्या पाठीवर पयली थाप तुमची आसती."

आण्णा म्हणाले, "बरं. उतरा. पन एक थेंब जरी मातीत पडला, तर शिट्टी खाली ठेवायची. कायमची."

"मंजूर," सर म्हणाले.

वाटेत मी भडकलो. म्हटलं, सर, ही काय अट झाली, कबूल कशाला केलीत? सर म्हणाले, "सोपा डाव लागला की पैलवान आळशी हुतो, चित्रकार." पण पाय त्या दिवशी जास्तच ओढत होता.

हगामा भरला. माणसं घरांवर, झाडांवर, बैलगाड्यांवर. आधी रेवड्यांच्या बक्षिसावरच्या पोरासोरांच्या कुस्त्या, मग वाढत्या इनामाच्या. दोन कुस्त्यांच्या मध्ये सर वेळ बघून शाळेमागं जाऊन यायचे, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शेवटची कुस्ती लागली ती आमच्या तालुक्याच्या पैलवानाची आणि संगमनेरकडच्या एका जवानाची. दोघंही तोलामोलाचे. हलगी कडाडत होती आणि कुस्ती काही सुटत नव्हती. खडाखडी झाली, एकदा हा खाली, एकदा तो खाली, पुन्हा उभे. ऊन उतरायला लागलं.

सरांची वेळ टळून गेलेली मला ठाऊक होती. मी वरून, माईकसाठी बांधलेल्या फळ्यांच्या उंच मांडवातून बघत होतो. ते पाय फाकवून चालायला लागले. दोनदा मांडीपाशी धोतर चाचपलं. पिशवी भरली होती. पिशवी भरल्यावरही टाकी वाहत राहिली की निरोध सुटून येतो, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलेलं. एक वाट सोपी होती. कुस्ती बरोबरीत सोडवायची, दोघांचे हात वर करायचे आणि निघून जायचं. कुणी बोट दाखवलं नसतं. पण ती कुस्ती बरोबरीची नव्हती, आता निकाल लागणारच होता, आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

सरांनी शिट्टी फुंकली. जोड सोडवली, दोघांना मातीतच उभं राहायला सांगितलं. लोकांना वाटलं बरोबरी, आरडाओरडा सुरू झाला. सर मांडवाखाली आले. "चित्रकार, माईकवर सांग, पंच लघवीला चाललेत."

मी म्हटलं, "सर, पाणी प्यायला गेले म्हणून सांगतो."

"खोटं सांगशील तर सारे म्हनतील, मास्तर लपवत हुता. जसं हाय तसं सांग."

मी माईक तोंडाजवळ नेला आणि सांगितलं. "पंच लघवीला गेले आहेत. ते आल्यावर कुस्ती पुढं सुरू होईल. कृपया थांबावं." हलगी थांबली. कुठंतरी कुणी फिसकन हसलं, बाकी सगळं चिडीचूप.

शाळेपर्यंत जायला वेळ नव्हता. मांडवाच्या मागं उघडंच होतं, चारी बाजूंनी माणसं. सर तिथं उभे राहून इकडंतिकडं बघत होते. तेवढ्यात आण्णा आपल्या जागेवरून उठले. खांद्यावरची घोंगडी काढली, शेजारी बसलेल्या पंचायतीच्या एका सदस्याला एक टोक धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं, आणि सरांच्या पुढं आडोसा करून लोकांकडं तोंड करून उभे राहिले. पोटदाबाला वेळ लागतो. घाई करून चालत नाही. ते दोन पैलवान मातीत गुडघ्यांवर हात टेकून दम घेत उभे होते.

झाडावरून कुणीतरी ओरडलं, "आवं किती येळ? दिस चालला."

आण्णांनी वर बघितलं. "गप ऱ्हा की. मुतायला गेलाय मानूस, पळून न्हाई गेला."

सर नीट मोकळे झाले, पिशवी रिकामी करून, हात धुऊन, फेटा सारखा करून मातीत आले, जोड लावली, आणि थोड्याच वेळात आमचा पैलवान धोबीपछाड खाऊन आडवा झाला. आपल्याच तालुक्याचा हरला म्हणून गलका उठला. सरांनी संगमनेरकडच्या जवानाचा हात वर धरला, आणि गलका तिथंच बसला. माझी छाती अशी फुगली होती, की माईकवर निकाल सांगताना मला दोनदा थांबावं लागलं.

माती तपासायला कुणी गेलं नाही. आण्णा घोंगडी झटकत माझ्यापाशी आले. "ड्रॉइंग मास्तर," म्हणाले, "फुडल्या साली मांडवाच्या मागं कुडाचा आडोसा घालून घेऊ. पंचांना बरं पडंल."